डब्यातले प्रायश्चित्त

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तुमच्या दुसऱ्या हातात बहुधा चकली असेल. ती खाली ठेवू नका. मी काही तिच्याविरुद्ध लिहायला बसलेलो नाही. माझे भांडण आहे ते चकलीच्या पाठोपाठ येणाऱ्या जाहिरातीशी! लक्ष्मीपूजनाची रांगोळी पुसली जाण्याआधीच ती मोबाईलवर हजर होते. 'दिवाळीत साचलेले विष बाहेर काढा! सात दिवसांत पाच किलो वजन घटवा!' शेजारी एक सडपातळ बाई हिरव्या रसाचा पेला धरून हसत असते. तिला पाहून आपल्या पोटातला लाडू लाजेने चूर होतो, आणि आपण डबा मागवतो. या प्रकाराला 'डिटॉक्स' म्हणतात. मराठीत त्याला विषहरण म्हणावे लागेल. मी त्याला थोतांड म्हणतो, आणि का म्हणतो ते सांगण्यासाठीच संपादकांकडून ही पाने मागून घेतली आहेत.

आधी माझी पात्रता सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी ती काढायला नको. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजऱ्याला मी मुलांना शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. वैद्यकाशी माझा संबंध रोग्याचा, तेवढाच. परंतु वीस वर्षे मी मुलांकडून त्रैराशिके सोडवून घेतली आहेत, आणि या प्रकरणात त्रैराशिकाहून मोठे शास्त्र लागत नाही, हे मला फार उशिरा आणि फार महागात कळले.

त्याचे असे झाले. गेल्या वर्षी भाऊबीजेला माझी धाकटी बहीण निपाणीहून आली. सोबत तिची मुलगी होती. पोरगी शिकलेली, पतसंस्थेत नोकरीला, हसरी आणि बोलकी. नवरात्रात तिला एक स्थळ पाहून गेले होते. मुलाच्या मावशीने निरोप ठेवला होता, ''मुलगी मनात भरली. फक्त अंगाने जरा भरलेली आहे. तुळशीचे लग्न झाले की पुन्हा येतो.'' या 'पुन्हा'चा अर्थ आमच्या घरात सर्वांना कळला. पोरीला तर सर्वांच्या आधी कळला. भाऊबीजेच्या रात्री ती मोबाईल घेऊन माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, ''मामा, सातच दिवस की! बघा तरी.'' डब्याची किंमत होती दोन हजार आठशे रुपये.

डबा आला. आत हिरवी पूड. ती सकाळ-संध्याकाळ पाण्यातून घ्यायची, दुपारी काकडी-दुधीचा रस, रात्री लिंबूपाणी. सात दिवस अन्नाचा कण नाही. आता आजरा म्हणजे घनसाळ भाताचे गाव. २०१६ साली या तांदळाला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधीही शेजारच्या चुलीवर घनसाळ शिजला की आपल्या घरात भूक लागायची, त्याला कोणा मानांकनाची गरज नव्हती. अशा गावात, अशा वासात ती पोर डोळे मिटून हिरवे पाणी पीत होती. पहिल्या दिवशी तिचे डोके दुखले. दुसऱ्या दिवशी ती चिडचिडी झाली. डब्यावर लिहिले होते, 'डोके दुखल्यास घाबरू नका, विष बाहेर पडत आहे.' काय ही सोय! गुण आला तर औषधाचा, त्रास झाला तर तोही औषधाचाच गुण!

पाचव्या दिवशी मी तिला तांदळाच्या व्यापाऱ्याकडे नेले आणि त्याच्या वजनकाट्यावर उभी केली. अडुसष्ट किलोची पोर चौसष्टवर आली होती. चार किलो! मी तिची पाठ थोपटली. ''शाब्बास!'' म्हणालो. तो शब्द आजही माझ्या कानांत वाजतो.

आता ते त्रैराशिक. ते मी त्या दिवशी मांडले नाही, मागाहून मांडले. तुम्ही आधी मांडा.

माणसाच्या अंगावरच्या एक किलो चरबीत सुमारे सात हजार सातशे उष्मांक साठलेले असतात. बोलताना आपण त्यांना कॅलरी म्हणतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली जे कोष्टक दिले, त्यात बैठे काम करणाऱ्या स्त्रीची रोजची गरज १६६० उष्मांक आणि पुरुषाची २११० धरली आहे. समजा, अशी एक स्त्री सात दिवस काहीच खात नाही. पूड नाही, रस नाही, केवळ पाणी. तिला लागणारे सगळे उष्मांक चरबीतूनच येतात असेही उदारपणे धरू. सोळाशे साठ गुणिले सात म्हणजे ११६२०. त्याला सात हजार सातशेने भागा. उत्तर दीड किलो! कडकडीत उपासाचे हे उत्तर. जाहिरात म्हणते पाच किलो. पाच किलो चरबी जाळायला ३८५०० उष्मांक हवेत, म्हणजे रोज साडेपाच हजार. त्या बाईला काही न खाता आपल्या नेहमीच्या तिपटीहून अधिक शक्ती रोज खर्च करावी लागेल. सातवीतला मुलगा असे उत्तर घेऊन आला असता तर मी त्याला 'पुन्हा कर' म्हटले असते.

मग काट्यावर जे चार किलो कमी दिसले ते गेले कोठे? ते बहुतेक पाणी होते. आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून अर्ध्या किलोच्या आसपास पिष्टाचा राखीव साठा असतो. त्याला ग्लायकोजेन म्हणतात. त्याच्या प्रत्येक ग्रॅमाबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. उपास सुरू झाला की दोन-एक दिवसांत हा साठा उपसला जातो आणि पाणीही त्याच्या मागोमाग निघून जाते. झाले दोन किलो! आतडी रिकामी झाली की आणखी थोडे. शिवाय डब्यावर बारीक अक्षरांत एक नाव होते, सोनामुखी. सोनामुखी म्हणजे जुलाब. ते आपल्या आज्यांना ठाऊक होते, डब्यावर मात्र त्याला 'शुद्धी' म्हटले होते. राहिली थोडीफार चरबी, आणि तिच्याबरोबर थोडे स्नायूही, कारण उपाशी शरीर केवळ चरबीच खाते असे नाही. पुन्हा भाकरी पोटात गेली की साठा भरतो, पाणी परत येते आणि काटा मागच्या जागी जातो. त्यात ना बाईचा आळस असतो, ना तिच्या मनाचा दुबळेपणा. हिशेबच तसा आहे. पण डबा विकणारा म्हणतो, 'तुम्ही पथ्य मोडलेत, आता दुसरा डबा घ्या.'

आता ते विष. कोणते विष? नाव सांगा! ब्रिटनमधल्या 'सेन्स अबाउट सायन्स' या संस्थेच्या तरुण शास्त्रज्ञांनी २००९ साली अशा पंधरा मालांच्या उत्पादकांना हाच प्रश्न विचारला. 'डिटॉक्स' या शब्दाचा एकच अर्थ सांगणाऱ्या दोन कंपन्याही त्यांना सापडल्या नाहीत. २०१५ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी या विषयावरचे सगळे अभ्यास चाळून पाहिले. बाजारात विकल्या जाणाऱ्या या आहारांची, चिठ्ठ्या टाकून माणसांचे दोन गट पाडून केलेली एकही काटेकोर चाचणी त्यांना आढळली नाही. जे चार-दोन अभ्यास होते ते मोजक्या माणसांवरचे आणि सदोष. विकला जाणारा माल डोंगराएवढा, आणि पुरावा मोहरीएवढाही नाही!

विष अंगात तयार होत नाही असे मी म्हणत नाही. रोज होते. आणि ते रोज बाहेर काढणारे झाडूवाले देवाने, निसर्गाने, तुम्ही ज्याला मानत असाल त्याने, जन्मापासूनच आत नेमले आहेत. दीड किलोचे यकृत प्रथिनांच्या पचनातून निघणाऱ्या अमोनियाचे युरियात रूपांतर करते, औषधांची आणि दारूची विल्हेवाट लावते. मुठीएवढी दोन मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातले कामाचे सगळे परत घेतात आणि दीड-दोन लिटर तेवढे बाहेर टाकतात. हे काम लक्ष्मीपूजनालाही बंद नसते. ज्यांची मूत्रपिंडे खरोखर थकली, त्यांना विचारा विषहरण म्हणजे काय ते. आठवड्यातून दोन-तीनदा ते डायलिसिसला जातात, हाताला सुया टोचून दर वेळी चार-चार तास यंत्राला जोडून पडून राहतात. अहो, लिंबूपाण्याने आणि हिरव्या पुडीने जर रक्त शुद्ध झाले असते, तर ही माणसे पहाटे उठून कोल्हापूरची एस.टी. कशाला धरतील?

या थोतांडाला वंशावळही आहे. १९४० च्या सुमारास अमेरिकेत स्टॅन्ली बरोज नावाच्या गृहस्थाने लिंबूरस, मेपल झाडाचा पाक आणि लाल तिखट यांचे सरबत काढले. दहा-दहा दिवस तेच पिऊन राहायचे. १९७६ साली त्यावर त्याचे पुस्तक निघाले आणि नट-नट्यांनी ते डोक्यावर घेतले. याच बरोजकडे रक्ताचा कर्करोग झालेला एक तरुण आला. त्याला सरबत आणि मालिश यांवर ठेवण्यात आले, आणि तो मेला. बेकायदा वैद्यकी केल्याबद्दल बरोजला झालेली शिक्षा १९८४ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. खुनाचा आरोप मात्र टिकला नाही. सरबत आजही विकले जाते.

इतक्या दूर जायला नको. 'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?' असे म्हणणाऱ्यांसाठी आपल्या दुधीचीच गोष्ट सांगतो. कडू निघालेल्या दुधीत क्युकरबिटासिन नावाची द्रव्ये असतात. कच्चा रस पिऊन माणसे दगावल्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञांचा गट नेमला. त्यांचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. कडू लागलेला रस पिऊ नये, आणि प्यायल्यावर उलटी-जुलाब झाले तर ताबडतोब इस्पितळ गाठावे, असे त्यांनी सांगितले. तरीही २०१८ साली पुण्यात दुधीचा रस प्यायलेल्या एका बाईच्या मृत्यूची बातमी वर्तमानपत्रांत आली. भाजीतली दुधी कडू लागली तर आपण ताट सरकवतो. रसाची मात्र कडू म्हणजे गुणकारी अशी समजूत करून घेतो आणि नाक दाबून पितो. आमच्या जिभेने सांगितलेले शहाणपण जाहिरातीने असे पुसून टाकले आहे.

येथे काही वाचक मला थांबवतील. ''मास्तर, उपास आपल्या रक्तात आहे. एकादशी आहे, चातुर्मास आहे. वैद्य लंघन सांगत, पंचकर्म करीत. गांधीजींनी स्वतः १९४६ साली उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम काढला. ते सगळे थोतांड का?''

नाही. आणि म्हणूनच मला राग येतो. आमच्या आजीचे लंघन ताप आल्यावर, अपचन झाल्यावर एक वेळचे असे; संध्याकाळी पातळ पेज मिळे. पंचकर्म हे वैद्याने नाडी पाहून, माणूस पाहून करण्याचे काम. ते कुरिअरने घरी येत नाही. गांधीजींनी आरोग्यावर लिहिले ते साधा आहार, स्वच्छ हवा, श्रम आणि संयम यांवर, आणि तेही जन्मभर पाळण्यासाठी. अशा आश्रमांत राहून आलेल्यांना बरे वाटते, कारण तेथे ते लवकर निजतात, चालतात, तळलेले खात नाहीत. घरी येऊन पुन्हा रात्री बारापर्यंत जागून फरसाण खाणाऱ्याला तेथले दहा दिवस कसे पुरावेत? आणि उपासाची महती सांगायचीच, तर एका शाळामास्तराचे नाव घेतो. मे १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, ते विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून. दार उघडले. त्या उपासाने माणसे मोठी झाली. या डब्यातल्या उपासाने एक पोर आरशासमोर लहान होते. दोन्हींना एकच शब्द वापरायला माझी जीभ धजत नाही.

आणि एकादशीचे म्हणाल, तर 'एकादशी अन् दुप्पट खाशी' हे आपल्याच लोकांनी म्हणून ठेवले आहे. उपाशी शरीर सूड घेते, हे त्यांना ठाऊक होते. १९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने छत्तीस निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, चोवीस आठवडे निम्म्या आहारावर ठेवले. त्यांचे वजन एक-चतुर्थांश उतरले. परंतु ते दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले. कोणी पाककृतींची पुस्तके जमवू लागला. बंधन सुटल्यावर त्यांतले कित्येक पोट फुटेस्तोवर खात आणि तरी भुकेलेच राहत. धट्टेकट्टे तरुण ते! मग दोन हजार आठशे रुपयांच्या पुडीने आपली भूक मारली असे आपण कोणत्या तोंडाने म्हणायचे?

आता पाचव्या रात्रीची गोष्ट सांगितली पाहिजे. आतापर्यंत टाळत आलो.

माझ्या बहिणीला आठ वर्षे मधुमेह आहे. दोन वेळा गोळ्या असतात. मुलगी एकटी उपाशी राहणार आणि आईच्या घशाखाली घास उतरणार, असे आपल्याकडे होत नाही. तिनेही गुपचूप ताट बाजूला सारले आणि मुलीच्या सोबतीने हिरवे पाणी घेऊ लागली. आम्हाला सांगे, ''वहिनी, मी मघाशीच जेवले.'' गोळ्या मात्र तिने एकदाही चुकवल्या नाहीत, कारण गोळी चुकवायची नाही असे तिला डॉक्टरांनी बजावले होते! साखर उतरवणारी गोळी पोटात, आणि उतरवायला साखरच नाही. पहाटे तीनच्या सुमारास भाचीने मला हाक मारली, ''मामा, आई कशी तरीच करायल्या!'' जाऊन पाहतो तो बहीण घामाने निथळत होती, काहीतरी असंबद्ध बोलत होती. माझ्याकडे पाहून तिने विचारले, ''तुम्ही कोण?''

चाळीस वर्षे जिने मला ओवाळले, तिने मला विचारले, तुम्ही कोण.

शेजाऱ्याच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेले. साखर अडतीसवर आली होती. डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज सोडले. तासाभराने तिने मला ओळखले आणि पहिला प्रश्न केला, ''पोरीने काही खाल्लं का?'' डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले. म्हणाले, ''गुरुजी, या गोळ्यांचा जोर दिवसभर राहतो, उद्यापर्यंत हलवायचं नाही. आणि मला एक सांगा, घरात शिकलेला माणूस असताना हे झालं कसं?''

मी काय सांगणार? डब्याचे पैसे मी दिले होते. भाऊबीजेची ओवाळणी म्हणून.

म्हणून मी या लेखात केवळ डबेवाल्यांवर तोंडसुख घेऊन मोकळा होणार नाही. ते लबाड आहेतच. पण त्यांचा माल पुडीचा नाही, लाजेचा आहे, आणि ती लाज आपण घरोघरी फुकट तयार करून देतो. मुलगी पाहायला आलेली मावशी ती तयार करते. लग्नात भेटल्यावर 'काय गं, सुटलीस!' म्हणणारी काकू ती तयार करते. 'जरा कमी खा' असे हसत हसत म्हणणारा मामाही ती तयार करतो. सणाला आपणच आग्रहाने दोन करंज्या जास्त वाढायच्या आणि आठ दिवसांनी त्या करंज्यांचा पुरावा तिच्या कमरेवर शोधायचा, हा कोठला न्याय? लाजलेल्या माणसाला प्रायश्चित्त हवे असते. पूर्वी ते भटजी सांगत. आता ते डब्यातून येते, एवढाच काय तो सुधार!

वजन वाढणे हा प्रश्न खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. मधुमेह आणि रक्तदाब आमच्या तालुक्यातही घरोघरी शिरले आहेत, आणि अंगावरचा भार कमी केला तर त्यांना आळा बसतो. पण त्याचा रस्ता लांबचा आहे. आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी पुष्कळ झाले. त्यासाठी जे करायचे ते वर्षभर, किंबहुना जन्मभर करता येईल असेच असले पाहिजे. तेल-साखर थोडी कमी, डाळ-उसळ थोडी जास्त, रात्रीचे जेवण लवकर, पुरती झोप, आणि रोज पाऊण तास चालणे. आमच्या आजऱ्याहून रामतीर्थापर्यंत हिरण्यकेशीच्या काठाने चालत गेले तर एक पैसा पडत नाही. दिवाळी झाली की आमच्या घरी हुलग्याचे माडगे आणि नाचणीची भाकरी असे. त्याला कोणी शुद्धी म्हटले नाही, जेवण म्हटले. कितीही केले तरी काहींचे अंग भरलेलेच राहते, कारण ते आई-बापांकडून आलेले असते; त्यांनी निरोगी राहावे आणि मान ताठ ठेवावी. आणि ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, ज्या बाया गर्भार किंवा अंगावर पाजत्या आहेत, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून एक दिवसाचाही असा उपास करू नये. हे मी मास्तर म्हणून सांगत नाही, त्या बहिणीचा भाऊ म्हणून सांगतो.

तीन आठवड्यांनी भाची पुन्हा त्याच काट्यावर उभी राहिली. अडुसष्ट किलो, वर दोनशे ग्रॅम. ती मावशी पुन्हा आली की नाही, स्थळाचे काय झाले, हे मी येथे सांगणार नाही. ते विचारणे आपण सोडून द्यावे, एवढ्यासाठीच तर हा खटाटोप.

यंदाही बहीण भाऊबीजेला येणार आहे. ओवाळणीत मी तिला रक्तातली साखर घरच्या घरी तपासायचे छोटे यंत्र देणार आहे, आणि ते कसे वापरायचे ते आधी मी शिकून घेतले आहे. पानात घनसाळ भाताची एक मूद असेल, मोजून, डॉक्टरांना विचारून. ती तिने माझ्यासमोर खायची आहे. मी उठणार नाही.